सत्तावीस नंबरच्या दोघी

कॉम्प्युटर येणार म्हणून नवसीनं काही झोप उडवून घेतली नव्हती. अण्णांच्या बटणांच्या कारखान्यात दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवीन येतच असे. एकदा भोकं पाडायचं मशीन आलं, एकदा बटणं घासून चकचकीत करणारा मोठा ढोल आला, एकदा अण्णांच्या केबिनला काळी काच आली. आलेली वस्तू टेम्पोतून उतरायची, नारळ फुटायचा, खोबऱ्याचा तुकडा हातावर पडायचा, आणि नवसी पुन्हा आपल्या टेबलाशी बसून बटणं निवडायला लागायची. आता कॉम्प्युटर. येईना का. खोबरं तर मिळेल.

झोप उडाली होती ती अण्णांची. अण्णा नगरकडचे. स्वतः पंधरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात राबून मग बोईसरच्या एमआयडीसीत त्यांनी हा पत्र्याचा गाळा घेतला होता. शेजारच्या पंपवाल्यानं आदल्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली, कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, खोलीत थंड हवा सोडली, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि दसऱ्याला हार घातला. त्या कॉम्प्युटरनं पुढे काय काम केलं ते कुणालाच कळलं नाही. त्याच्यावरचा फुलाफुलांचा पडदा मात्र दर आठवड्याला धुऊन तारेवर वाळत पडायचा, आणि तो पडदा अण्णांच्या डोळ्यांत सलायचा.

त्यात मुंबईच्या शर्टवाल्या कंपनीनं आपला माणूस पाठवला. कमलाकांत त्याचं नाव, हातात चामडी बॅग, आणि तोंडात 'पद्धत' हा शब्द. तो म्हणाला, पुढल्या वर्षापासून बटणांच्या प्रत्येक पाकिटावरून कळलं पाहिजे की माल कोणत्या दिवशी बनला आणि कोणाच्या हातून निवडला गेला. तुटकं बटण निघालं तर ते कोणाच्या नजरेतून सुटलं हे कॉम्प्युटरनं सांगायला हवं. नाही जमलं तर आम्ही बटणं दुसरीकडून घेऊ. अण्णांचा निम्म्याहून जास्त माल त्या एका कंपनीला जायचा. अण्णा 'जमेल की' म्हणाले आणि कमलाकांतची पाठ वळताच पुतणीला हाक मारली.

ही पुतणी म्हणजे मंजुळा. मुंबईत कॉम्प्युटर शिकून आलेली, अंगानं काडी, पण एकदा 'का' विचारायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. अण्णांना वाटलं होतं, ही एक फोन करील आणि आठवड्यात मशीन येईल. मंजुळा म्हणाली, मशीन सगळ्यात शेवटी.

"शेवटी?" अण्णा म्हणाले. "आणि आधी काय?"

"आधी आपण इथे काय करतो ते मला समजलं पाहिजे. कागदावर जो घोटाळा आहे तोच मशीनमध्ये घातला, तर तो फक्त जोरात होईल."

मग तिनं ऑफिसच्या भिंतीवर खाकी कागद चिकटवला आणि सबंध कारखाना पालथा घातला. रसायन ओतणाऱ्याला विचारलं, ढोल फिरवणाऱ्याला विचारलं, निवडणीच्या बायकांत येऊन स्टुलावर बसली. कागदावर चौकोन वाढले, चौकोनांतून बाण निघाले. शेवटी तिनं ठरवलं की तीन महिने सगळं आधी हातानं करून बघायचं. प्रत्येक बाईनं आपण निवडलेल्या प्रत्येक पाकिटात आपला नंबर लिहून चिठ्ठी टाकायची. ती रोज चिठ्ठ्या मोजणार, खराब बटणं मोजणार. ते सुरळीत झालं की मशीन, आणि मशीनबरोबर नंबराचे पितळी बिल्ले जाऊन प्रत्येकीला फोटोचं कार्ड.

नवसीचा नंबर सत्तावीस. तिनं पहिल्याच दिवसापासून इमानेइतबारे चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या आठवड्यात ठमीनंही टाकल्या. सत्तावीसच.

इथे हे सांगायला हवं, कारण कारखान्यात ते कोणी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. ठमी ही नवसीची सख्खी धाकटी बहीण, आणि जाऊसुद्धा. दोघी बेटेगावच्या एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. नवसीला हा बिल्ला मिळाला त्यानंतर वर्षाच्या आत तिच्या पोटी पोर आलं. काम सुटू नये म्हणून तिनं बिल्ला ठमीच्या हातात दिला. गेटवर पुंजाराम वॉचमननं बिल्ला पाहिला, आत अण्णांनी काम पाहिलं, बाई कोणी पाहिली नाही. मग तशीच सवय पडली. एक आठवडा नवसी कारखान्यात, ठमी घरी पोरं, शेत आणि म्हातारी सासू बघणार. दुसऱ्या आठवड्यात उलट. दोघींपैकी जी येईल तिला सगळे नवसी म्हणत. फार तर कोणी विचारी, आज थोरली नवसी की धाकटी?

यात लबाडी होती का? नवसीच्या डोक्यात हा शब्दसुद्धा कधी आला नव्हता. पाड्यावर विहीर उपसायची असो, कुणाचं घर शाकारायचं असो, घरटी एक माणूस जातो. बाप गेला, पोरगा गेला, सून गेली, सगळं सारखं. त्या घराचं माणूस आलं, संपलं. कारखान्यातली जागाही घराचीच, आणि घरातून जो मोकळा असेल त्यानं यायचं, असंच ती धरून चालली होती. आठ वर्षं कोणी तिला त्याउलट सांगितलं नव्हतं. अण्णांनी तर नाहीच. अण्णांना दोन्ही चेहरे पाठ होते. एक दमलेली बाई घरी राहते आणि ताजीतवानी कामाला येते, हे कोणत्या मालकाला नको असतं?

अडीच महिने झाले आणि एका सकाळी मंजुळा हातात आलेखाचा कागद घेऊन निवडणीच्या खोलीत आली. ती नवसीच्या टेबलापाशी उभी राहिली. चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती खरी होती.

"नवसीबाई, तुमची तब्येत बरी असते ना?"

"बरी हाय की. का गं?" नवसीच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च. अण्णांनासुद्धा.

"नाही म्हणजे, बघा." मंजुळानं कागद पुढे केला. त्यावर एक रेघ उड्या मारत होती. "एक आठवडा तुम्ही भराभर निवडता, खोलीत सगळ्यांत जास्त, पण अधूनमधून खराब बटण सुटतं. दुसऱ्या आठवड्यात तुमचा वेग एकदम उतरतो आणि एकही खराब बटण सुटत नाही. मग परत भराभर. बाकी कोणाचं असं नाही. तुम्हाला काही औषध चालू आहे का? डोकं दुखतं का?"

खोलीत आधी एक खुदकन आवाज झाला. मग गोजराबाई, जी या टेबलांवर सगळ्यांत जुनी, तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग सगळ्याच बायका अशा हसल्या की बटणांचे ट्रे हलायला लागले. नवसीही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं ताई, ती भराभर करती ती ठमी! आणि मी ही अशी, गोगलगाय."

"ठमी कोण?" मंजुळानं विचारलं.

आणि तिनं विचारताच हसणं थांबलं. कारण दारात अण्णा उभे होते आणि त्यांच्या मागे चामडी बॅग घेऊन कमलाकांत.

पुढचं सगळं अण्णांच्या केबिनमध्ये झालं. अण्णांनी आधी आश्चर्य वाटल्याचं सोंग केलं आणि ते इतकं वाईट केलं की नवसीलाच त्यांची लाज वाटली. "आठ वर्षं? दोन बाया? माझ्या कारखान्यात?" असं तीनदा म्हणून झालं. कमलाकांतनं बॅगेवर बोटं वाजवली.

"मला एका नंबराला एक माणूस पाहिजे," तो म्हणाला. "बाकी तुमचं तुम्ही बघा. सोमवारी मी चाचणीचा तक्ता बघायला येतो."

तो गेल्यावर अण्णांनी निकाल दिला. सोमवारी कार्डांचे फोटो आहेत. दोघींपैकी एकीनं येऊन फोटो काढायचा. जी येईल ती सत्तावीस नंबर. दुसरीनं पुन्हा गेटवर दिसायचं नाही.

"कोण यायचं ते तुम्ही घरात ठरवा," ते म्हणाले. "माझी काही जबरदस्ती नाही."

नवसी बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात मंजुळा उभी होती. नवसीला तिचा असा राग आला की पाय थांबले.

"तुजा कागूद माज्या घरात शिरला, ताई," ती म्हणाली. "आठ वर्सं कुनाचं काय बिघडलं होतं?"

"मी खोटं काही मोजलं नाही," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज मात्र पडला होता. "पण मला विचारायला हवं होतं. आधी तुम्हाला एकटीला विचारायला हवं होतं."

"मग इचार की आता. काय करू सांग."



दिवेलागणीला नवसीनं घरी ही गोष्ट सांगितली. तिचा नवरा जिव्या आणि ठमीचा नवरा सुका दोघं अंगणात पेंढ्याची वळई रचत होते. ते दोघं ऐकून पुन्हा पेंढ्याकडे वळले, कारण घरात रोख पैसा यायचा तो या एका बिल्ल्यातून, आणि कोणीही बोललं तरी एका बाजूनं बोलल्यासारखं होणार होतं. ठमी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तूच ऱ्हा, बाय," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला ती बायच म्हणे. "नाव तुजंच हाय."

नवसीला, खरं सांगायचं तर, हलकं वाटलं. दिवसभर छातीवर जे बसलं होतं ते उठलं. ठमीनं आपण होऊन म्हटलं, आपण काही हिसकावून घेतलं नाही. नवसी मनातल्या मनात सोमवारसाठी लुगडंसुद्धा काढून मोकळी झाली. मग ठमी भाकरी उलटताना पुढे बोलली. ना रडून, ना रागानं. मीठ संपलंय म्हणून सांगावं तितक्या साध्या आवाजात.

"मला थितं कोन वळखतं? आठ वर्सं मी थितं गेले, ती तुजं नाव लावून गेले. दिवाळीचा डबा नवसीला. बोट कापलं तवा पट्टी बांदली ती नवसीला. आज त्या ताईनं इचारलं ना, ठमी कोन? बरोबर इचारलं तिनं. ठमी नावाची बाई थितं गेलीच नाय कंदी. मग तिला काडायचा तरास कुनाला हाय?"

नवसीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. घराचं माणूस गेलं, संपलं, हा हिशेब तिला आठ वर्षं सरळ वाटत होता. सरळ वाटायचं कारण नाव तिचं होतं. जिचं नाव नव्हतं तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत पहिली नवसी स्वतः होती. तिला ठमीचा राग आला, की इतकी वर्षं बोलली का नाहीस. मग स्वतःचा आला. आणि मग तो सगळा राग वळून जिथं जायला हवा होता तिथं, काळ्या काचेच्या केबिनकडे गेला. एकीनं यायचं म्हणे. का? घरात तुकडे पाडायला हा कोण?

"सोमवारी दोगी जाऊ," ती म्हणाली.

"येडी का काय? गेटवरूनच हाकलंल तो."

"हाकलू दे. पन दोगींना हाकलू दे. येकीला नाय."

सोमवारी दोघी एकत्र गेटवर उभ्या राहिल्या तेव्हा पुंजाराम वॉचमननं डोळे चोळले. आठ वर्षांत त्यानं त्या दोघींना शेजारी शेजारी कधी पाहिलंच नव्हतं.

"एका बिल्ल्यावर एकच बाई आत जाईल," तो म्हणाला. तो परभणीकडचा, जिभेनं कडक आणि मनानं मऊ. "मला वरून ऑर्डर हाय. लई वंगाळ दिवस आनला गं माज्यावर."

"बोलाव वरच्याला," नवसी म्हणाली.

वरचे आले. अंगणात भिंतीला पांढरी चादर लावून चिंतू फोटोवाला स्टूल मांडून बसला होता आणि कडेला बायका नंबरानं उभ्या होत्या. अण्णांनी दोघींना पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. एवढ्या बायकांसमोर तमाशा नको म्हणून ते गेटच्या फटीतूनच हलक्या आवाजात बोलले.

"ठरलं का? कोण बसतंय?"

"दोगी."

"नवसी, मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलंस घरात ठरवा. घरात ठरलं. ही ठमी हाय, माजी भन. आठ वर्सं तुजी बटनं निवडती. तुला ठावं हाय. तिचा फोटू काड, माजा काड. नायतर कुनाचाच नको."

"मग कुणाचाच नको!" अण्णांचा हलका आवाज संपला. "आठ वर्षं चालवून घेतलं त्याचे हे पांग फेडता? पुंजाराम, गेट लाव. सत्तावीस नंबर आजपासून बंद."

गेट लागलं. ठमी घराकडे वळली, तर नवसीनं तिचा हात धरला आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत बसली. बसून काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. भीती तर वाटतच होती. हातातली अर्धी भाकरीसुद्धा घालवून बसलो, असं एक मन म्हणत होतं. पण उठायचं नाही, एवढं दुसऱ्या मनानं ठरवलं होतं, आणि त्या दिवशी दुसरं मन जास्त हट्टी निघालं. शिफ्टची बस आली, गेली. पंपवाल्याच्या तारेवर फुलाफुलांचा पडदा वाळत होता. गेटच्या आत पुंजारामनं दोनदा तोंड फिरवून पाण्याची बाटली फटीतून सरकवली.

जेवणाच्या सुट्टीत गोजराबाई गेटपाशी आली. तिच्या चेहऱ्यावर एक विलक्षण समाधान होतं.

"नवसे, तुझा नंबर आज लई काम करतोय बघ."

"काय?"

"काय न्हाई. तू खा." असं म्हणून तिनं भाजीचा डबा फटीतून दिला आणि लुगडं झटकत निघून गेली.

नवसीला काही उमगलं नाही. उमगलं ते दुपारी, जेव्हा आतून अण्णांचा आवाज पत्र्यापर्यंत गेला. दार आपटलं, आणि अण्णा, मंजुळा आणि कमलाकांत तिघं अंगण ओलांडून गेटकडे आले. मंजुळाच्या ओंजळीत चिठ्ठ्या होत्या. मागोमाग निवडणीच्या बायका येऊन फोटोच्या चादरीपाशी थांबल्या.

"हे तू करायला लावलंस?" अण्णांनी विचारलं.

"मी काय केलं? मी हितं बसले."

"सकाळपासून जेवढा माल निवडला, सगळ्या पाकिटांत सत्तावीस! एकूण एक! म्हणजे सबंध कारखान्याची बटणं आज एकाच बाईनं निवडली, आणि ती बाई गेटबाहेर बसलीय!"

नवसीनं बायकांकडे पाहिलं. सगळ्या जणी आभाळाकडे नाहीतर पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. फक्त गोजराबाई सरळ अण्णांकडे बघत होती.  तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं, कोणाच्या हातापाया पडली नव्हती.

"सगळ्यांना काढा," कमलाकांत म्हणाला. "शिस्त नाही तिथे पद्धत येत नाही. बोईसरात बायकांना काय तोटा आहे?"

"ओ साहेब," अण्णा गर्रकन वळले. "कोणाला काढायचं ते मी बघीन. तुम्ही तुमचा तक्ता बघा."

"तक्ताच नाहीये, अण्णा," मंजुळा म्हणाली. तिनं ओंजळीतल्या चिठ्ठ्या गेटच्या खांबावर ठेवल्या. "हेच मला तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं, पण मलाच ते आज नीट कळलं. बाईनं आपल्या मनानं खरी चिठ्ठी टाकली तर माझं सगळं चालतं. नाही टाकली तर काही चालत नाही. उद्या दुसऱ्या बायका आणाल, त्यांच्याही मनात आलं तर त्याही हेच करतील. मग मशीन आणून काय करू? पडदा शिवून घालू?"

पडद्याचं नाव निघालं तसं अण्णांनी दात आवळले.

"या साहेबांना विचारा," मंजुळा पुढे म्हणाली. "त्यांनी नंबराला एक माणूस मागितलं होतं. दोन माणसांना दोन नंबर दिले तर त्यांचं काही जातं का?"

कमलाकांतनं खांदे उडवले. "मला काय? शंभर नंबर करा. एका नंबराखाली दोघी नकोत, एवढंच मी म्हटलं. माणसं किती ठेवायची हा यांचा प्रश्न."

नवसी उठून उभी राहिली. ती गेटच्या अगदी जवळ गेली, इतकी की अण्णांना एक पाऊल मागे घ्यावं लागलं.

"म्हंजे येकीला काड हे यानं सांगितलं नव्हतं?" ती म्हणाली. "मशीननं पन नाय सांगितलं? मग कुनी सांगितलं रे अण्णा?"

 ऊन अण्णांच्या टकलावर पडलं होतं आणि अंगणातल्या सगळ्या बायका आता आभाळाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत होत्या.

"दोन नंबर म्हणजे दोन कामगार," शेवटी ते म्हणाले. आवाजात आता ओरडणं नव्हतं, नुसती कुरकुर होती. "आठवडाआड आलात तरी दोघींची नावं लागणार. दोघींची कार्डं, दोघींचा दवाखाना. उद्या दोघी कायम झालो म्हणून माझ्या उरावर बसाल."

"बसू की," नवसी म्हणाली. "आठ वर्सं तू बसलास ना?"

कोणीतरी हसलं. पुंजारामच असावा, कारण तो लगेच खोकायला लागला. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू सगळं त्याच्यामुळेच झालंय, मग चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग पलीकडच्या तारेकडे. त्यांना अद्दल घडली असं काही मी म्हणणार नाही. अण्णांसारख्या माणसाला अद्दल घडत नाही, त्याला फक्त कधीकधी दुसरा रस्ता उरत नाही. आतला माल उद्या मुंबईला जायचा होता, आणि त्याच्या पाकिटांतल्या चिठ्ठ्या बदलायच्या त्या याच बायकांच्या हातांनी.

"गेट उघड," ते पुंजारामला म्हणाले. "मंजुळा, दुसरीला कुठला नंबर रिकामा आहे तो दे. आणि चिठ्ठ्या सगळ्या परत करून घे. आजच्या आज."

ते केबिनकडे निघून गेले. कमलाकांत त्यांच्या मागे गेला. गोजराबाईनं दोघींना आत ओढलं आणि बायकांनी रांगेत त्यांना जागा करून दिली. मंजुळानं वही उघडून विचारलं, एकेचाळीस चालेल का? ठमीनं मान हलवली. नंबर कोणताही चालणार होता.

चिंतू फोटोवाल्यानं सकाळपासून दोनदा सामान आवरून दोनदा पुन्हा मांडलं होतं आणि तो वैतागला होता. त्यानं ठमीला स्टुलावर बसवलं, तिच्या हातात काळी पाटी दिली आणि पाटीवर खडूनं एकेचाळीस लिहिलं. त्याखाली नाव लिहायला तो वाकला.

"नाव सांगा."

"नवसी," ठमी म्हणाली.

तिला कळलंच नाही. आठ वर्षं या अंगणात कोणीही विचारलं की तोंडातून तेच निघायचं, तसंच निघालं. चिंतूनं 'न' काढलासुद्धा.  मंजुळा काही सांगायला पुढे झाली, तर नवसीनं तिचा दंड धरून मागे खेचलं. आपणही तोंड उघडलं नाही. डोळ्यांना धार लागली होती तरी उघडलं नाही.

ठमीनं पाटीवरचा 'न' पाहिला.  मग तिनं चिंतूच्या हातातून पाटी ओढून घेतली, तळहातानं तो 'न' पुसला, आणि ताठ बसून असं ओरडली की केबिनची काळी काच सरकून अण्णांचं डोकं बाहेर आलं.

"ठमी! ठमी सुका वरठा! ल्ही!"